उरले साठ-ऐंशी

२०१२ च्या मार्चमध्ये हेंडरसन बेटावर एक उंदीर दिसला. एकच. आपल्या घरात एक उंदीर दिसला तर माणूस फार तर झाडू शोधतो. तिथे त्या एका उंदराने पंधरा लाख पौंडांवर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण अकरा कोटी रुपयांवर, पाणी फिरल्याची वर्दी दिली. सात महिने आधी, ऑगस्ट २०११ मध्ये, याच बेटावर हेलिकॉप्टरमधून सुमारे ७५ टन विषारी आमिष टाकलं होतं. बेटावरचा शेवटचा उंदीर मरावा, एवढाच त्याचा उद्देश होता.

मी या प्रकरणाकडे वळलो तो उंदरांमुळे नव्हे, एका कबुतरामुळे. इंग्रजीत त्याला हेंडरसन फ्रूट डव्ह म्हणतात, शास्त्रीय नाव टिलिनोपस इन्सुलारिस. मराठीत त्याला नाव असण्याचं काही कारणच नाही, कारण जगात तो या एका बेटाखेरीज कुठेच नाही. मी सोयीसाठी त्याला फळहोला म्हणतो. मोहीम मुख्यतः त्याच्यासाठी नव्हती. पण ती का फसली हे शोधत गेलो, तर शेवटी त्याच्याच ताटापाशी येऊन थांबावं लागलं.

बेट

हेंडरसन दक्षिण प्रशांत महासागरात आहे, ब्रिटनच्या ताब्यातल्या पिटकेर्न बेटसमूहात. क्षेत्रफळ सुमारे ४३ चौरस किलोमीटर. पिटकेर्नवर जेमतेम पन्नासेक माणसं राहतात, ‘बाउंटी’ जहाजावर बंड करून आलेल्या खलाशांचे वंशज. तिथून हेंडरसन जवळजवळ २०० किलोमीटर. पिटकेर्नलाच विमानतळ नाही, तर हेंडरसनचं काय सांगावं! ताहितीहून विमानाने मांगारेव्हा गाठायचं आणि पुढे दिवसेंदिवस बोट. हेंडरसनवर आज वस्ती नाही. नाव मात्र ओळखीच्या घरातून आलेलं: जानेवारी १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘हर्क्युलिस’ जहाजाचा कप्तान जेम्स हेंडरसन इथे पोचला, आणि बेटाला त्याचं नाव पडलं. त्याआधी १६०६ मध्ये स्पेनच्या मोहिमेवर निघालेल्या किरोशने ते पाहिलं होतं.

हे बेट म्हणजे समुद्राखालून वर उचललं गेलेलं प्रवाळ. भोवती कडे, माथ्यावर समुद्रापासून तीसेक मीटर उंच सपाटी. सपाटी म्हटल्यावर कोकणातला मोकळा सडा डोळ्यांसमोर येतो, तो काढून टाका. इथे पायाखाली झिजलेल्या प्रवाळाच्या सुरीसारख्या धारा, भोकं आणि घळी आहेत, आणि वर इतका दाट झाडोरा की वाट तोडल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. गोडं पाणी जवळजवळ नाहीच. देवमाशाने बुडवलेल्या ‘एसेक्स’ या शिकारी जहाजाची माणसं डिसेंबर १८२० मध्ये होड्यांमधून इथे आली. ओहोटीला उघडा पडणारा एक झरा त्यांना सापडला. पक्षी, अंडी, खेकडे, जे हाती लागेल ते त्यांनी खाल्लं आणि आठवडाभरात आवाक्यातलं सगळं संपवलं. मग तिघे मागे राहिले, बाकीचे पुन्हा होड्यांत बसले. त्या तिघांना पुढच्या एप्रिलमध्ये एका जहाजाने उचललं.

झाडं मात्र कोकणातल्या माणसाला अगदीच परकी वाटू नयेत. केवड्याच्या कुळातला पँडानस इथे आहे. किनाऱ्याला आपल्याकडे ज्याला भेंड म्हणतात ते झाडही आहे, तिथलं नाव मिरो. पिटकेर्नची माणसं बोट घेऊन येतात ती याच्याच लाकडासाठी. त्यातून मासे, कासवं, जहाजं कोरून विकणं हा त्यांच्या मोजक्या उत्पन्नांपैकी एक.

१९८८ मध्ये युनेस्कोने हेंडरसनला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच्या काही वर्षं आधी कोळशाच्या धंद्यातल्या एका अमेरिकन कोट्यधीशाला इथे धावपट्टी बांधून राहायचं होतं. ब्रिटन सरकारने नकार दिला. दिला नसता तर हा लेख बहुधा भूतकाळात लिहावा लागला असता.

चारांतला उरलेला

फळहोला आपल्या साध्या होल्याहून लहान, साधारण २२ सेंटिमीटरचा. पाठ हिरवी, छाती राखाडी आणि डोक्यावर गडद लाल टोपी. प्रशांतातल्या त्याच्या भाऊबंदांच्या पोटावर गुलाबी-केशरी पट्टे असतात. याच्याकडे तो थाट नाही. विज्ञानासाठी त्याचं वर्णन १९०८ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे ए. जे. नॉर्थ यांनी केलं. १९९१-९२ च्या मोठ्या संशोधन मोहिमेनंतर त्याची संख्या साडेतीन हजारांच्या आत-बाहेर धरली गेली. संपूर्ण जातीची संख्या, बरं का. आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेतल्या कबुतरखान्याला दिवसभरात येणारी पाखरं आठवा.

खाणं म्हणजे फळं. लहान, गरवाली, अख्खी गिळता येतील अशी. इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. आपला पारवा किंवा होला दाणे खातो, पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, खड्यांनी भरडतो, आणि दाणा संपतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल वडा-उंबरावर बसून फळं खातो म्हणून तोही बिया पसरवत असेल असं आपल्याला वाटतं, पण त्याची पेषणी दणकट आहे, उंबराच्या बारीक बियाही ती दळून टाकते. फळहोल्याच्या कुळात पेषणीच्या भिंती पातळ असतात. गर सुटतो, बी धडधाकट बाहेर पडते, दुसऱ्या झाडाखाली किंवा दूरच्या एखाद्या खाचेत. खायची आवड दोघांची एकच, पण झाडाच्या बाजूने पाहिलं तर एक गिऱ्हाईक आणि दुसरा हमाल.

आणि हेंडरसनवर असा हमाल आता एकटाच म्हणावा असा उरलाय. बेटावर जमिनीवरच्या पक्ष्यांच्या फक्त चार जाती आहेत आणि चारही जगात दुसरीकडे नाहीत: हा होला, एक लॉरीकीट पोपट, एक बोरू वटवट्या आणि उडता न येणारी एक काळी फटाकडी. पूर्वी गर्दी जास्त होती. गुहांमधल्या उकिरड्यांत पुराजीव अभ्यासकांना आणखी तीन कबुतरांची हाडं मिळाली. एक फळं खाणाऱ्या मोठ्या इम्पीरियल कबुतरांपैकी, एक जमिनीवर वावरणारं, आणि तिसरं इतकं वेगळं की २००८ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचं नाव द्यावं लागलं. त्यात ‘बाउंटी’ जहाजाची आठवण ठेवली आहे: बाउंटिफॅप्स. तिन्ही आज नाहीत.

उकिरडे कोणाचे? इ.स. १००० च्या पुढेमागे पॉलिनेशियन माणसं इथे आली आणि १६०० च्या सुमारास बेट पुन्हा ओस पडलं. मार्शल वाइसलर यांच्या उत्खननात पिटकेर्नचा दगड आणि मांगारेव्हाचे शिंपले हेंडरसनवर सापडले, म्हणजे ही माणसं एकटी नव्हती, त्यांचा बेटाबेटांत व्यवहार होता. तो थांबला आणि इथलं जगणं अशक्य झालं. माणसं गेली. त्यांच्या होड्यांतून आलेला एक प्रवासी मात्र राहिला.

पाहुणा

पॅसिफिक उंदीर, रॅटस एक्झुलान्स. आपल्या गटारातल्या घुशीपुढे किरकोळ, वजन शंभर ग्रॅमच्या आतच. पण संख्या पन्नास हजार ते एक लाख. आणि इथल्या पक्ष्यांना जमिनीवरून चालत येणारा शत्रू माहीतच नव्हता.

सर्वांत वाईट हाल समुद्रपक्ष्यांचे. हेंडरसन पेट्रेल ही जात फक्त याच बेटावर वीण घालते. जमिनीवर, झुडपाखाली, एकच अंडं. पिल्लू बाहेर आलं की आई-बाप खाणं आणायला समुद्रावर जातात, आणि उंदीर येतात. मायकेल ब्रुक आणि सहकाऱ्यांनी १९९१-९२ मध्ये पाहिलं ते असं की बहुतेक सगळी पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच खाल्ली जातात, जिवंतपणी. मोहिमेमागची संस्था होती ब्रिटनची आरएसपीबी, म्हणजे पक्षी संरक्षणासाठीची रॉयल सोसायटी. तिने पैसे उभे करताना पुढे ठेवला तो मुख्यतः हाच मुद्दा, आणि माझ्या मते तो बरोबरच होता.

फळहोल्याची गोष्ट इतकी सरळ नाही. उंदीर आणि होला कित्येक शतकं एकत्र राहिलेत. होला झाडावर असतो, उंदीरही झाडावर चढतो. दोघं एकाच फांदीवरच्या फळांना टपलेले असतात, फक्त एक दिवसपाळीला आणि दुसरा रात्रपाळीला. उंदीर बी सुद्धा सोडत नाही. म्हणजे होल्याच्या हमालीचा मालच तो मध्ये फोडतो.

ऑगस्ट २०११

विष होतं ब्रॉडिफाकुम. आपल्याकडे शेतात उंदरांना झिंक फॉस्फाईड घालतात. काळी पूड, भरड धान्य, थोडं गोडेतेल. ज्याने ते काम केलंय त्याला माहीत असतं की पहिले दोन-तीन दिवस नुसतंच बिनविषारी खाद्य ठेवावं लागतं. कारण झिंक फॉस्फाईडने उंदीर पटकन मरतो, आणि अर्धवट खाऊन वाचलेला एखादा पुन्हा त्या वासाजवळ फिरकत नाही. ब्रॉडिफाकुम रक्त गोठू देत नाही आणि सावकाश मारतं, काही दिवसांनी. तोवर उंदीर निर्धास्त खात राहतो, पोटात कशाने दुखतंय हे त्याला जुळवता येत नाही. बेटं उंदीरमुक्त करण्याचं सगळं आधुनिक तंत्र या उशिरावर उभं आहे.

दुसरी अट सरसकटपणाची. शेतात ऐंशी टक्के उंदीर मेले तर शेतकरी खूश. बेटावर एक जोडी उरली तर काम शून्य. म्हणून हेलिकॉप्टरखाली लटकवलेल्या बादलीतून जीपीएसच्या रेषांवर पट्ट्यापट्ट्याने गोळ्या टाकायच्या, दोन फेऱ्यांत. ७५ टन भागिले ४,३०० हेक्टर, म्हणजे हेक्टरी साधारण सतरा किलो. एक जहाज हेलिकॉप्टरं आणि आमिष घेऊन त्या वर्षी प्रशांतातल्या बेटांमागून बेटं करत निघालं होतं: आधी पालमायरा, मग फिनिक्स बेटं, मग हेंडरसन. खर्च वाटून घेण्याची ती युक्ती होती. एवढ्या दूर जायचं तर तेच शहाणपणाचं.

आता प्रश्न होता चार पक्ष्यांचा. विष उंदीर आणि पक्षी यांच्यात भेद करत नाही. वटवट्या, लॉरीकीट आणि होला झाडावर आपापलं खाणारे. होला तर दाण्यासारख्या गोळीकडे बघणारही नाही, हा हिशेब त्याच्या पेषणीइतकाच साधा होता. फटाकडी मात्र जमिनीवर चालते, समोर पडेल त्याला चोच मारून बघते आणि माणसालाही घाबरत नाही. म्हणून शंभराहून थोड्या अधिक फटाकड्या आधीच पकडून बेटावरच पिंजऱ्यांत ठेवल्या, विषाचा जोर ओसरेपर्यंत. ज्या पक्ष्याला जगात दुसरी जागाच नाही, त्याची इतकी पाखरं एका ओसाड किनाऱ्यावर, बोटीने आणलेल्या सामानावर, महिनोन्‌महिने सांभाळायची! मोहिमेत मला सर्वांत अवघड वाटतं ते हे काम, हेलिकॉप्टर नव्हे. बाहेर राहिलेल्या फटाकड्यांपैकी बहुतेक मेल्या, अपेक्षेप्रमाणेच. पिंजऱ्यातल्या सोडल्या, काही मोकळ्याही वाचल्या होत्या, आणि दोन-तीन वर्षांत ती जात पुन्हा सावरली. मोहीम फसली, पण तिचा हा भाग फसला नाही. हे सहसा कोणी सांगत नाही.

कोण वाचलं आणि कसं

मार्चमध्ये तो एक उंदीर दिसल्यावर प्रत्येकाच्या मनात जी उत्तरं आली असतील, ती एकेक करून तपासली गेली.

नवीन उंदीर बोटीतून आला का? असं झालं असतं तर दुःख कमी असतं, कारण मग तंत्र निर्दोष आणि चूक फक्त पहाऱ्याची. मोहिमेआधीच्या हेंडरसनच्या उंदरांचे नमुने होते, नंतरचे होते, प्रशांतातल्या इतर बेटांचेही होते. जनुकं जुळवली. उंदीर हेंडरसनचेच निघाले.

विष पचवणारी जात तयार झाली का? वाचलेल्यांमध्ये ब्रॉडिफाकुमला दाद न देण्याची कसलीही खूण मिळाली नाही. खाल्लं असतं तर मेले असते.

मग किती वाचले? इथे अभ्यासकांनी केलेलं काम मला फार आवडलं. समजा एका गावात शेकडो आडनावं आहेत आणि साथीत बहुतेक गाव गेलं. पुढे उरलेल्यांची पोरंबाळं वाढून गाव पुन्हा भरलं, तरी आडनावं आधीइतकी नसतात. किती आडनावं गळली यावरून साथीतून किती माणसं वाचली असतील याचा अंदाज बांधता येतो. उंदरांच्या जनुकांतल्या १८ ठिकाणांची विविधता आधी आणि नंतर मोजून हाच हिशेब केला. उत्तर आलं: साठ ते ऐंशी उंदीर. हा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी फसलेली मोहीम यशाच्या किती जवळ गेली होती, हे मोजून सांगणारा तो पहिलाच.

साठ-ऐंशी, आणि आधी पन्नास हजार ते लाख. टक्क्यांत मांडलं तर ९९.८ च्या वर. बोर्डाच्या परीक्षेत या गुणांना पेढे वाटतात.

राहिला शेवटचा प्रश्न: ते साठ-ऐंशी मेले का नाहीत? विष चालत होतं, बाहेरून कोणी आलं नव्हतं, म्हणजे त्यांनी ते खाल्लं नाही किंवा पुरेसं खाल्लं नाही. पट्ट्यांमध्ये एखादी फट राहिली असेल, ही एक शक्यता. खेकडे ही दुसरी. उष्ण प्रदेशातल्या बेटांवर जमिनीवरचे खेकडे आमिष फस्त करतात आणि त्यांना हे विष बाधत नाही, त्यांच्या रक्ताची रीतच वेगळी. तिसरी शक्यता बिळातल्या पिल्लांची: आई मरते, पिल्लू आमिष संपल्यावर बाहेर येतं. थंड हवेच्या बेटांवर उंदरांची वीण ठराविक ऋतूत थांबते, तेव्हा वार करता येतो. उष्ण कटिबंधात ती कधीही चालू असू शकते. अशा बेटांवर मोहिमा फसण्याचं प्रमाण जास्त आहे ते उगाच नाही. २०१२ मध्ये वेक बेटावरही हाच पॅसिफिक उंदीर विषातून वाचला.

चौथी शक्यता अन्नाची, आणि माझा कौल तिला. आमिष हे शेवटी धान्याच्या भरडीचं असतं. भुकेल्याला ते पक्वान्न, पोट भरलेल्याला नाही. झाडावर पिकलेली फळं लगडलेली असतील तर एखाद्या उंदराने आयुष्यात कधी न पाहिलेली गोळी खावीच का? लाखात बहुतेकांनी खाल्ली, कारण उंदीर हावरट. पण मोहिमेला ‘बहुतेक’ चालत नव्हते. ज्या बेटावर फळांवरच जगणारा पक्षी बारा महिने तग धरतो, तिथे बारा महिने काही ना काही पिकत असणार, हे होल्याकडे पाहूनच कळण्यासारखं होतं. उंदरांना मारायला गेलेल्यांनी होल्याला विषापासून धोका आहे का, हे नीट विचारलं. होला इथे काय सांगतोय, हे कमी विचारलं असं मला वाटतं. घरात बसून, निकाल लागल्यावर हे म्हणणं सोपं आहे, मान्य.

पालमायराचा दाखला लोक देतात. त्याच वर्षी, त्याच जहाजाने, तेच विष, तिथेही खेकडे आणि झाडावर खाणं भरपूर, तरी पालमायरा उंदीरमुक्त झालं. खरं आहे. पण पालमायराची जमीन अडीच चौरस किलोमीटरही नाही आणि तिथे आमिष ओतलं ते दोन्ही फेऱ्या मिळून हेक्टरी दीडशे किलोच्या आसपास. त्याआधीचा तिथला प्रयत्न फसला होता, त्यातून ते शिकले होते. तोच दर हेंडरसनला लावला तर सहा-सातशे टन आमिष लागेल. ते एवढ्या लांब न्यायचं कसं, हा एक प्रश्न, आणि तेवढ्या विषात किती फटाकड्या पिंजऱ्यात घ्यायच्या, हा दुसरा.

२०१५

काही वर्षांत उंदीर पुन्हा पूर्वीच्या संख्येला आले. २०१५ मध्ये आरएसपीबीची माणसं परत गेली, कित्येक महिन्यांसाठी, या वेळी विष घेऊन नव्हे तर प्रश्न घेऊन. याच मुक्कामात संशोधक जेनिफर लॅव्हर्स यांनी किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक मोजलं आणि २०१७ मध्ये हेंडरसनचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं: अंदाजे ३ कोटी ७७ लाख तुकडे, साडेसतरा टन. शंखात राहणारे खेकडे डब्यांच्या झाकणांत संसार थाटून बसल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. उंदरांबद्दल कोणी विचारलं नाही. प्लॅस्टिकचा फोटो निघतो, साठ-ऐंशी उंदरांचा कसा काढणार?

दुसरी मोहीम अजून झालेली नाही. दरम्यान याच संस्थेच्या दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावरच्या मोहिमेनंतर, २०२१ च्या डिसेंबरमध्ये, पुन्हा एक उंदीर दिसला. तिथे घरउंदीर. त्यामुळे पैसे देणारे आता जास्त विचारून देतील हे उघड आहे.

हेंडरसनवर पुन्हा जायचं तर आधी एक दिनदर्शिका हवी: कुठलं झाड कधी फळतं, पाऊस जास्त झाला तर ते किती सरकतं, आणि वर्षातले कोणते आठवडे असे असतात की फांद्या रिकाम्या असतात. ती मांडायला पाऊसमापक लागेल, झाडांवर बांधलेल्या चिठ्ठ्या लागतील, आणि लाल टोपीचा तो होला कुठल्या झाडावर किती वेळ बसतो आणि कधी रिकाम्या फांदीवरून उठून दूर निघतो, याची वही लागेल. तो जेव्हा लांबलांब हिंडायला लागतो, ते दिवस हेलिकॉप्टरचे.